कानशिलावरची हद्द

ओढ्याला पूर आला आणि वळणावरचा हिंटरगान्सेन गावचा हद्दीचा दगड वाहून गेला. आता म्हणाल, जर्मनीतल्या त्या डोंगराआडच्या चाळीस घरांच्या गावातून एक दगड गेला तर कुणाचं काय बिघडलं? अहो, सगळंच बिघडलं! दगड होता म्हणून ओढ्याकाठचं कुरण गावाचं होतं, आणि कुरण होतं म्हणून गावात हंस होते. हंसांची पिसं गाद्यांत, चरबी पावावर आणि सणाच्या दिवशी अख्खा हंस भट्टीत. त्या गावाचं वर्ष हंसावर चालायचं.

दगड सापडला, पण सापडला लुटगरला. हा उमराव एबरविनचा कारभारी, आणि भारी आगाऊ माणूस. त्याने दगड चिखलातून उपसला आणि नेऊन पुरला थेट गिरणीपाशी. झालं, सगळं कुरण उमरावाच्या शिकारीच्या रानात गेलं. गावाचे जुने कागद चर्चच्या आगीत जळाले होते, हे लुटगरला पक्कं ठाऊक होतं.

गावकरी टोप्या हातात धरून गढीवर गेले. उमराव मनाने वाईट नव्हता हो, पण हट्टी! भर उन्हाळ्यात त्याने थंडी पडली म्हटलं की सगळी गढी लोकरीचे कोट घालून घाम पुसत बसायची. त्याने गावकऱ्यांचं ऐकून घेतलं आणि बोट नाचवत म्हणाला, "साक्षीदार आणा. तो तुमच्या गावचा नसावा, साक्ष देण्यात त्याचा एका पिसाचाही फायदा नसावा, आणि त्याचा शब्द मला खोटा म्हणता येऊ नये. रविवारपर्यंत आणा, नाहीतर सोमवारी हंस हलवा."

असा माणूस आणायचा कुठून? गावकरी रडवेले होऊन परतले. सगळ्यात मोठा घोर लागला तो ओटिलीला. ती गावचे हंस राखायची, नऊ वर्षं. कुरण गेलं की हंस विकणार, आणि हंस गेले की तिला दूरच्या शहरात कुणाच्या तरी घरी भांडी घासायला जावं लागणार. तिला तिथे मुळीच जायचं नव्हतं.

आता त्या गावची एक रीत सांगायलाच हवी. दर सात वर्षांनी अख्खं गाव हद्दीवरून चालत जायचं. दगडापाशी आलं की किलियान लोहार एकेका पोराच्या डाव्या कानशिलात सणसणीत ठेवून द्यायचा आणि लगेच हातावर गरम ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचा खारा पाव. जागा जन्मभर लक्षात राहावी म्हणून हा खटाटोप. कागद वाचता येणारी गावात दोनच माणसं, थप्पड मात्र सगळ्यांना वाचता यायची. आणि खरंच, म्हातारीकोतारी माणसंसुद्धा त्या जागेवरून जाताना नकळत डावा गाल चोळायची. हंस राखता राखता ओटिलीने ते शेकडो वेळा पाहिलं होतं.

ती किलियानकडे गेली. तो आता ऐंशीचा झाला होता. तिने एवढंच विचारलं, की परक्या पोराला कधी चुकून लगावली होती का? म्हातारा जरा आठवत बसला, मग हसत सुटला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. त्याने जे सांगितलं ते ओटिलीने कुणालाही कळू दिलं नाही. जाताना पाववालीला मात्र रविवारी एक टोपली ब्रेत्सेल आणायला सांगून गेली.

रविवारी ती एकटीच गढीवर गेली. साक्षीदार कुठे आहे म्हणून उमरावाने विचारलं, तर म्हणाली, कुरणात भेटेल, पण पायी चालावं लागेल. उमराव कुरकुरला, तरी निघाला. मागे लुटगर, आणि गावातून जाताना त्याच्या मागे सगळं गाव.

गिरणीपाशी लुटगरने मोठ्या ऐटीत आपला दगड दाखवला. उमरावाने मान डोलावली आणि पुढे चालू लागला. आदल्या वर्षीच्या रानडुकराची गोष्ट तो रंगवून सांगत होता. ओटिली हूं हूं करत होती, पण नजर तिची उमरावाच्या हातांवर होती. कुरण संपत आलं. ओढ्याचं वळण आलं. डुक्कर अगदी अंगावर येणार, एवढ्यात उमरावाचे दोन्ही हात वर गेले आणि दोन्ही गाल चोळू लागले.

"थांबावं सरकार," ओटिली म्हणाली. "साक्षीदार बोलला."

"कोण बोलला? मला तर कुणी दिसत नाही."

"आपले हात कुठे आहेत ते बघावं. सरकार गावचे नाहीत. ही साक्ष देण्यात सरकारांचा फायदा नाही, उलट कुरण जातं. आणि स्वतःचा शब्द सरकार खोटा कसा म्हणतील?"

लुटगर पुढे झाला. गाल काय, कुणाचाही खाजतो, डास असतील, असं म्हणाला.

"एक गाल चोळला असता तर मीही गप्प बसले असते," ओटिली म्हणाली. "आम्ही सगळे इथे एकच चोळतो. पण पन्नास वर्षांपूर्वी मखमली बुटातलं एक गुबगुबीत पोर दाईचा हात सोडवून आमच्या पोरांत घुसलं. थप्पड खाल्ली, ब्रेत्सेल खाल्लं, आणि परत येऊन रांगेत उभं राहिलं. किलियानकाका न्यायाचे, दुसऱ्यांदा त्यांनी दुसरा गाल घेतला."

उमराव लालबुंद झाला. मग त्याचं पोट हलायला लागलं आणि तो हसत हसत गवतातच बसला.

"दुसरं जास्त गरम होतं," तो डोळे पुसत म्हणाला. "ब्रेत्सेलही आणि थप्पडही!"

दगड त्याच दिवशी वळणावर परत आला आणि कुरण कायमचं गावाला मिळालं. ओटिलीला गढीतले दहा हंस आणि कौलारू घर मिळालं. मग उमराव कारभाऱ्याकडे वळला.

"लुटगर, दगडाची जागा तुझ्या काही लक्षात राहत नाही. या गावात त्यावर औषध आहे म्हणे. किलियानचा हात आता थकलाय, तेव्हा आजचा मान ओटिलीचा."

ओटिलीने बाह्या वर केल्या. आवाज गिरणीपर्यंत गेला. मग रीतीप्रमाणे तिने पाववालीच्या टोपलीतलं एक गरम ब्रेत्सेल लुटगरच्या हातावर ठेवलं आणि दुसरं हवंय का, असं अगदी मनापासून विचारलं.

तो नको म्हणाला.