चिंचेवरची सभा

झाडावरचं सगळं पाखरांनी मिळून ठरवायचं, अशा काळातली ही गोष्ट. चिंचेच्या एकाच फांदीवर रोज सभा भरे. बोलायचं असेल त्याने फांदीच्या टोकाला जाऊन बसायचं, अशी रीत होती. त्यामुळे कोण कुणाला उत्तर देतंय, हेच कळत नसे.

बुलबुल म्हणाला, "प्रत्येक विषयाला वेगळी फांदी देऊ. उत्तर देणाऱ्याने तिच्याच डहाळीवर बसावं."

त्यावर महिनाभर वाद चालला. साळुंकी ऐकून ऐकून शिणली होती. तरी ढोलीतली अंडी सोडून ती यायची, नाहीतर पाखरं नावं ठेवत.

एका संध्याकाळी तिने खाली पाहिलं. रीतीप्रमाणे टोकाला जाऊन ती म्हणाली, "साप माझ्या ढोलीकडे चढतोय."

"मला मान्य नाही," तिच्या शेजारी येऊन कावळा म्हणाला. तो बुलबुलाला उत्तर देत होता.

"हे मागेच ठरलंय," पोपट म्हणाला.

साळुंकी ढोलीकडे झेपावली, तोवर साप अंडी गिळून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सभेत पुन्हा तोच वाद रंगला. साळुंकी टोकाला जाऊन बसली.

"माझी अंडी गेली," ती म्हणाली.

"मला मान्य नाही," तिच्या शेजारी बसत कावळा बुलबुलाला म्हणाला.