सात वर्षांची राजकन्या आणि सोनकीचे बी

एका राज्यात एक राजकन्या होती, आणि ती गेली अकरा वर्षे सात वर्षांचीच होती. ऐकण्यात चूक नाही, खरेच तसे होते.

तिचा पिता राजा मेघांक. त्याचा वाढदिवस भाद्रपदात येई, आणि नेमके तेव्हाच राजधानीमागचे पठार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरून जाई. राजाची हौस अशी, की एकूण एक फूल खुडायचे, रस्त्यावर अंथरायचे आणि त्यावरून हत्ती न्यायचा. फुलाला बी धरायला सवडच मिळाली नाही, तर पुढच्या साली झाड उगवणार कुठून? पण राजाला सांगणार कोण! शेवटी एका भाद्रपदात पठारावर नुसता कातळ उरला.

त्या दिवशी पठाराची यक्षिणी दरबारात आली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"राजा, तू माझे वाढणे थांबवलेस. तुझ्या घरचेही थांबेल," ती म्हणाली. "सोनकीचे बी मिळवा, रुजवा, जपा. बाराव्या कार्तिकाच्या अखेरीपर्यंत हे झाले नाही, तर तुझी लेक कायमची सात वर्षांची राहील."

तेव्हापासून राजकन्या कनकलेखेचे मन वाढे, अंग वाढेना. तिने राजवाड्यातले सगळे ग्रंथ वाचून संपवले, पण माठापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. राजाने आठ दिशांना स्वार धाडले. ते झेंडूचे बी घेऊन आले, सूर्यफुलाचे घेऊन आले, एकाने तर मोहरीच आणली. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याचे असेच होते.

बाराव्या वर्षी कनकलेखा म्हणाली, "आता मी जाते." तिला आधीपासूनच चौकशा फार. तिने विचार केला, बी नेतो कोण? वारा नेतो, नाहीतर पाखरू नेते. वाऱ्याला काही विचारता येत नाही. म्हणून ती कड्यावरच्या शंभर वर्षांच्या मुनियेकडे गेली. त्या मुनियेच्या घरट्यात काळ शिरत नसे.

मुनिया म्हणाली, "तुझ्या बापाच्या हत्तीने माझ्या पिलांचा दाणा तुडवला. तुला बी का देऊ?"

"देऊ नका. नुसते दाखवा. मी ते कधी पाहिलेले नाही."

मुनियेला हे उत्तर आवडले. तिने घरट्याच्या कापसातून चोचीने तीन बिया ओढून काढल्या. तपकिरी, काडीसारख्या बारीक, डोक्यावर पांढरी शेंडी.

"एवढेसेच?" राजकन्येने विचारले.

"एवढेसेच. घेऊन जा."

पहिली बी राजमाळी गोंदोजीने वीतभर खोल पुरली. "बी म्हणजे पुरायचेच, बाईसाहेब. आमच्या सात पिढ्या हेच करत आल्या." पंधरा दिवस गेले, काही उगवले नाही. दुसरी त्याने शेणखत घालून, रोज घागरभर पाणी ओतून सावलीत ठेवली. ती कुजली. गोंदोजी कपाळाला हात लावून बसला.

तिसरी बी कनकलेखेने मुठीत धरली आणि सरळ पठारावर जाऊन, माती जवळून पाहायला, ती पालथी पडली. कातळावर माती किती? बोटाच्या पेराएवढी. तिथे खड्डा कोण खणत होते? खत कोण घालत होते? बी वाऱ्याने यायचे, वरच पडायचे आणि उजेडातच उठायचे. तिने बी मातीवर ठेवली, अंगठ्याने जराशी दाबली, वर काहीही घातले नाही. नवव्या दिवशी दोन हिरवी पाने आली. ती इतक्या मोठ्याने ओरडली, की खालच्या गावातली गुरे उधळली.

भाद्रपदात झाडाला फुलांचे घोसच्या घोस आले. राजा धावत आला, त्याचा हात आपोआप फुलाकडे गेला. "आबासाहेब!" एवढेच ती म्हणाली. राजाने हात मागे घेतला.

फुले कोमेजली, तपकिरी झाली. गोंदोजी म्हणाला, "मेले बिचारे. उपटू का?" राजकन्या झाडापुढे आडवी झाली. रोज ती एका बोंडाची शेंडी अलगद ओढून पाही. सुटली नाही, तर हात काढून घेई. कार्तिकात एका दुपारी शेंडी बोट लागताच सुटून आली. तिने मलमलीच्या कापडात बिया झेलल्या, सावलीत वाळवल्या. चांगल्या दोन मुठी भरल्या.

राजाने त्या सोन्याच्या डबीत घातल्या आणि डबी सात कुलपांच्या खजिन्यात ठेवली.

आणि काहीच झाले नाही. राजकन्या सात वर्षांचीच राहिली. मुदतीचे तीन दिवस उरले.

मुनिया खिडकीत येऊन बसली. "बी जपले का?"

"सात कुलपांत."

"तिथे ते दोन वर्षांत मरेल. थोडे पुढच्या सालासाठी कापडात ठेव. बाकीचे ज्याचे त्याला दे."

कनकलेखा राजाकडे गेली आणि बिया पठारावर सोडू या म्हणाली. राजाचा चेहरा पांढरा पडला. "वाऱ्याने उडून गेले तर? एकही उगवले नाही तर? तू अशीच राहशील, बाळ. मी गेल्यावर तुला माठातले पाणी कोण काढून देईल?"

"आबासाहेब, अकरा वर्षे कुलपात राहून कसे वाटते, ते मला विचारा."

राजा रडला. मग त्याने आपल्या हाताने सातही कुलपे उघडली. एक मूठ कापडात बांधून ठेवली आणि दुसरी बापलेकीने मिळून पठारावर सोडली. वाऱ्याने काही शेंड्या उचलल्या, काही कातळाच्या भेगांत बसल्या. कुठली कुठे गेली ते कळले नाही.

यक्षिणी समोर उभी राहिली. या वेळी तिचे पाय जमिनीला लागले होते.

"शाप सुटला. राजकन्ये, तुझी अकरा वर्षे माझ्याकडे आहेत. या क्षणी घे आणि अठरा वर्षांची हो."

राजाने हात जोडले. कनकलेखा मात्र विचारात पडली.

"एकदम घेतली, तर मधले सगळे मला दिसणार नाही," ती म्हणाली. "मला एकेक वर्ष द्या."

"आणि मी?" राजाने विचारले. "मी आता म्हातारा झालो."

"तुम्ही थांबा," लेक म्हणाली. "मी थांबले होते की."

पुढच्या वर्षी वाढदिवसाला हत्ती हत्तीखान्यातच राहिला, आणि राजा अनवाणी पायांनी पठाराच्या कडेकडेने फुले पाहत फिरला. दिवाळीत राणीने लेकीचा नेहमीचा परकर बाहेर काढला. तो घोट्याच्या चार बोटे वर आला. राणी तो परकर छातीशी धरून खूप वेळ रडली, आणि मग तिने शिंप्याला बोलावणे धाडले.