अकरा रिकाम्या चटया

एकदा एक बाई, चांगली बेचाळीस वर्षांची, शिकलेली, हुद्द्यावरची, नोकरीचा राजीनामा देऊन आपल्या वृद्ध योगगुरूंपुढे येऊन बसली आणि म्हणाली, "गुरुजी, आता मला शिकवायचंय. शिकणं पुरे झालं."

तिचं नाव शरयू. विजेच्या नियंत्रण कक्षात ती अठरा वर्षं होती. आता हे काम काय असतं, ते तुम्हाआम्हाला कुठून ठाऊक असणार? आपण बटण दाबतो, दिवा लागतो आणि आपला संबंध संपतो. पण कुठेतरी एका खोलीत एक माणूस भिंतीवरच्या आकड्याकडे बघत बसलेला असतो. वीज तयार होते किती आणि खर्च होते किती, याचा तोल तो आकडा सांगतो. तो पन्नासाच्या आसपास राहिला पाहिजे. बराच घसरला, तर जिल्हेच्या जिल्हे अंधारात जातात. शरयू त्या आकड्यासमोर बसायची. अठरा वर्षांत तिच्या पाळीत असा अंधार एकदाही झाला नाही.

पण या कामाने तिला आतून पोखरलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा योगशाळेत आली, तेव्हा तिला डोळे मिटता येत नव्हते. मिटले की आकडा दिसायचा. दात आवळलेले, खांदे कानाला लागलेले, रक्तदाब वाढलेला. आणि श्वास? तो तर ती घ्यायचीच विसरायची. गुरुजी तिच्याजवळ बसून नुसतं म्हणायचे, "सोड, बाळ. सोड आता." पहिल्यांदा तिला शवासनात झोप लागली, त्या दिवशी ती घरी जाऊन ओक्साबोक्शी रडली होती.

तेव्हापासून तिने ठरवलं, की आपण हेच करायचं. लोकांना हेच द्यायचं. दोन वर्षं तिने जीव ओतून अभ्यास केला आणि शेवटी राजीनामा लिहून दिला.

घरी मात्र हे कोणालाच पचलं नाही. सगळ्यांत जास्त लागलं तिच्या वडिलांना. अण्णा वीज मंडळात लाइनमन होते. आयुष्यभर खांबावर चढले, कमरेचे मणके झिजवले. आपली पोर इंजिनियर झाली आणि त्या मोठ्या खोलीत खुर्चीवर बसली, म्हणून गावभर छाती फुगवून हिंडले. त्या खोलीत बाहेरच्याला सोडत नसत. मुलीला त्या खुर्चीत बसलेलं बघायची त्यांची हौस राहूनच गेली. आणि आता ही म्हणते, राजीनामा!

"एवढी शिकलीस, ती लोकांचे हातपाय वाकवायला?" अण्णा म्हणाले, आणि आठ दिवस धड बोलले नाहीत.

शरयूलाही आपल्या जुन्या कामाचं नाव नकोसं झालं होतं. वर्गात कोणी विचारलं, तर "होते कुठेतरी नोकरीला" म्हणून विषय बदलायची. एकदा ती गुरुजींना म्हणाली, "माझी अठरा वर्षं मातीत गेली, गुरुजी. आधीच तुमच्याकडे यायला हवं होतं." गुरुजींनी नुसत्या भुवया उंचावल्या. ते फार बोलत नसत. पण आपलं म्हणणं त्यांना आवडलं नाही, एवढं तिला समजलं.

तर अशी ही शरयू त्या दिवशी त्यांच्यापुढे बसली होती. गुरुजी ऐंशीच्या पुढचे. सकाळचा वर्ग चाळीस वर्षं चालवत आलेले. ते म्हणाले, "राजीनामा परत घ्यायची मुदत कधीपर्यंत आहे?"

"सोमवार संध्याकाळपर्यंत. पण मी तो परत घेणार नाहीये."

"ते मी बघतो. रविवारी सकाळचा वर्ग तू घे. मला पटलं, तर माझी बसायची जागा तुझी. नाही पटलं, तर सोमवारी मुकाट्याने जाऊन राजीनामा परत घ्यायचा. कबूल?"

ती म्हणाली, "कबूल."

रविवारी अकरा जण आले. बेकरीवाले काका होते, निवृत्त शाळाबाई होत्या, एक रिक्षावाला होता. आणि अकरावे, दारात कोण उभे? अण्णा! गुरुजींनी त्यांना स्वतः निरोप धाडला होता. ते कोणाकडे न बघता शेवटच्या चटईवर जाऊन बसले. गुरुजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले.

वर्ग तिने घेतला, आणि काय घेतला! आवाज मऊ, सूचना नेमक्या, कोणावर जबरदस्ती नाही. अण्णांनीसुद्धा कुरकुर न करता हात वर केले. शेवटी शवासन आलं. सगळे आडवे झाले. शरयू पुढच्या आसनावर ताठ बसली, आणि तिनेही डोळे मिटले. जे दोन वर्षांपूर्वी जमत नव्हतं, ते आज सगळ्यांसमोर किती सहज जमलं! तिच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. श्वास येत होता, जात होता. आपण जिंकलो, असं तिला मनोमन वाटलं.

बऱ्याच वेळाने ती हळुवारपणे म्हणाली, "आता सावकाश डोळे उघडा." आणि तिने स्वतःचे उघडले.

समोर अकरा रिकाम्या चटया!

खोलीत चिटपाखरू नाही. तिला वाटलं, आपण स्वप्नात आहोत. ती धावत बाहेर आली, तर ओट्यावर सगळी मंडळी ओळीने बसून चहा पीत होती. रिक्षावाला तिच्याकडे बघून ओशाळला आणि त्याने तोंड कपात खुपसलं. अण्णा चपलांकडे बघत होते.

झालं होतं ते असं. तिचे डोळे मिटलेले पाहून गुरुजी उठले. एकेकाच्या पायाला हात लावून त्यांनी त्याला जागं केलं, ओठांवर बोट ठेवलं आणि बाहेर नेलं. सगळे अनवाणी, त्यामुळे आवाज कसला होणार?

शरयूच्या डोळ्यांत पाणीच आलं. "गुरुजी, अशी थट्टा? आणि तीही माझ्या वडिलांसमोर?"

"बस," गुरुजी म्हणाले. "पहिला माणूस कधी उठला?"

"मला... मला नाही कळलं."

"बारा मिनिटं झाली त्याला."

"मी ध्यानात होते, गुरुजी."

"होतीस ना. छान होतीस. तुझं शवासन उत्तम झालं, मी स्वतः पाहिलं. पण त्या अकरा जणांचं काय? समज, एखाद्याचा श्वास अडकला असता. एखादी बाई आतल्या आत रडत असती. कोणाला कळलं असतं?"

गुरुजींनी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमच्या त्या खोलीत पाळी बदलायची एक पद्धत आहे ना? पहिल्याच महिन्यात तू मला सांगितली होतीस. आज पुन्हा सांग. सगळ्यांना ऐकू येईल, अशी सांग."

शरयू म्हणाली, "पाळी संपली तरी खुर्चीवरून उठायचं नाही. नवा माणूस येऊन मागे उभा राहतो. नोंदी वाचतो, आकडा बघतो. मग बसलेला म्हणतो, 'दिलं.' उभा असलेला म्हणतो, 'घेतलं.' 'घेतलं' ऐकल्याशिवाय बसलेला उठत नाही. बाप वारल्याचा फोन आला तरी नाही. खुर्ची एक क्षणही रिकामी राहता कामा नये."

"अठरा वर्षांत कधी राहिली?"

"छे! कशी राहील?" तिची मान वर झाली. आवाजही चढला. "एकदा दुपारी वादळ झालं. दोन मोठ्या वाहिन्या एकदम गेल्या. आकडा घसरायला लागला. विचारायला वेळ नव्हता. मी अर्ध्या मिनिटात चार तालुक्यांची वीज तोडायला लावली, म्हणून बाकीचं राज्य वाचलं. नाहीतर दवाखाने, पाण्याच्या टाक्या, सगळंच बंद पडलं असतं. त्या चार तालुक्यांनी मला शिव्या घातल्या असतील. घालू देत!"

ओट्याच्या टोकावरून अण्णांनी विचारलं, "हे कधी? चार वर्षांमागं, वैशाखात?"

"हो, अण्णा."

"आपलीही वीज गेली होती त्या दिवशी," अण्णा हळूच म्हणाले. "चांगले दोन तास मी शिव्या घातल्या." मग त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे तुलाच की गं!"

सगळे खो खो हसले. शरयूलाही रडता रडता हसू फुटलं. पण अण्णा हसत नव्हते. आठ दिवसांत पहिल्यांदाच ते लेकीकडे सरळ बघत होते.

हसू ओसरल्यावर गुरुजी म्हणाले, "ऐक, शरयू. डोळे मिटायला मी तुला शिकवलं, ते तुझ्यासाठी. डोळे उघडे ठेवायला तुला त्या खोलीने शिकवलं, ते लोकांसाठी. जागं राहणं आणि श्वास रोखणं, या दोन गोष्टी तुझ्यात एकत्र शिवल्या गेल्या होत्या. दोन वर्षं मी ती शिवण उसवत होतो. आणि तू काय केलंस? अख्खं कापडच फेकून दिलंस! अगं, शवासनात सगळे निर्धास्त पडतात, कारण एक जण जागा असतो. तिथे तू भीतीने जागी राहायचीस. इथे मायेने जागी राहा. ती अठरा वर्षं मातीत गेली, असं पुन्हा माझ्यासमोर म्हणू नकोस. त्यांचा मला अभिमान वाटतो. तुला वाटत नाही, एवढंच माझं दुखणं होतं."

आणि मग शरयूला एक गोष्ट उमगली. दर शवासनात गुरुजी डोळे उघडे ठेवून जागे बसायचे, आणि दोन वर्षांत तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कशी? तेव्हा तिचेच डोळे मिटलेले असायचे!

"राजीनाम्याचं काय करू?" तिने विचारलं.

"मुदत उद्या संध्याकाळची आहे ना? मग उद्या सकाळी पुन्हा वर्ग घे."

सोमवारी सकाळी तेच अकरा जण आले. त्यांत अण्णाही होते, या वेळी न बोलावता आलेले. शवासन सुरू झालं. शरयू आसनावर बसली. डोळे उघडे, खांदे सैल, श्वास संथ. एकेका छातीवरून तिची नजर फिरू लागली. बेकरीवाले काका ठीक. शाळाबाई ठीक. रिक्षावाल्याच्या कपाळावर आठी दिसली. ती शेजारी जाऊन हळू आवाजात म्हणाली, "सोडा, भाऊ." आठी विरली. मग नजर शेवटच्या चटईवर गेली. अण्णांचा श्वास अर्ध्यातच तुटत होता. कंबर जमिनीला टेकत नव्हती. खांबावर काढलेली वर्षं तिथे दुखत होती. तिने घोंगडीची घडी करून त्यांच्या गुडघ्यांखाली सरकवली. थोड्याच वेळात अण्णांचं पोट लयीत वरखाली होऊ लागलं. शरयू जागेवर येऊन बसली. एकदाही तिचा श्वास अडकला नाही, आणि एकदाही तिची नजर ढळली नाही.

वर्ग संपला. मंडळी चटया गुंडाळू लागली. अण्णा उठले, लेकीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी डोळे किलकिले करून बघत होतो."

"अण्णा! शवासनात?"

"मग काय करू? त्या खोलीत कधी सोडलं नाही मला. तिथे अशीच बसायचीस?"

"अशीच. फक्त तिथे घाबरलेली असायचे."

अण्णांनी मान डोलावली. त्यांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला, आणि बाहेर जाऊन चपला शोधू लागले.

इकडे गुरुजी आपल्या रोजच्या जागेवर जाऊन बसले होते. त्यांनी शरयूला खूण केली. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. गुरुजींनी दोन्ही हात जमिनीवर टेकले, अर्धवट उठले आणि तसेच थांबले.

"दिलं," ते म्हणाले.

तिने आधी जुन्या सवयीने खोलीभर नजर फिरवली.

"अगं, म्हण लवकर! माझे गुडघे असे किती वेळ धरतील?"

"घेतलं, गुरुजी," ती म्हणाली. "घेतलं."

गुरुजी उठले. सावकाश चालत एका चटईपाशी गेले आणि पाठ टेकून आडवे झाले. मग त्या खोलीत चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटले. शरयू त्यांच्या जागेवर ताठ बसली, आणि त्यांची छाती वर येते, खाली जाते, ते बघत राहिली.

बाहेर ओट्यावर गलका वाढला होता. बेकरीवाले काका मोठमोठ्याने काही सांगत होते. अण्णांनी त्यांचा दंड धरला.

"हळू बोला हो," ते म्हणाले. "आत माझी मुलगी ड्यूटीवर आहे."