हैबतीचा अंगठा

“हा धडधाकट आहे तोवर आपल्या चकत्यांना खरा भाव यायचा नाही.”

फार फार जुन्या काळी, ज्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही अशा राज्यात, एका भरदुपारी हे वाक्य एका तरुण सुनेच्या कानी पडलं. ते तिच्यासाठी नव्हतं. सासरे ओसरीवर बसून आपल्या मुलाशी बोलत होते आणि ती ताकाचे पेले घेऊन दाराआड उभी होती. तिचं नाव साळू. आणि ज्याच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं तो हैबती मल्ल, म्हणजे साळूचा सख्खा थोरला भाऊ.

साळू पुढे गेली नाही, मागेही फिरली नाही. ताक हिंदकळलं तर आवाज होईल, म्हणून श्वास रोखून उभी राहिली.

लहानथोरांनो, या चकत्या काय होत्या ते आधी ऐका. त्या राज्याला कुस्तीचं वेड होतं. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, तळहातात मावेल एवढा गोल कापायचा, त्यावर मल्लाचं चित्र काढायचं आणि वरून लाखेचा हात द्यायचा, की झाली चकती. पण एवढ्याने ती खरी ठरत नसे. आखाड्याच्या तांबड्या मातीत अंगठा बुडवून त्या मल्लाने स्वतः मागच्या बाजूला ठसा उठवला, तरच ती खरी. लोक चकत्या जमवत, बदलत, त्यांच्यावरून भांडत. जिंकणाऱ्याची चकती देव्हाऱ्याशेजारी जाई. हरणाऱ्याची लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून.

साळूचं सासर चकत्या करणाऱ्यांचं. तिला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी मुलीपेक्षा मुलीच्या भावालाच जास्त निरखलं होतं. साळूच्या ते लक्षात आलं होतं आणि तेव्हा तिला हसूही आलं होतं. लग्नानंतर हैबती कुस्ती जिंकला की बहिणीकडे यायचा. सासरे पुढे मांडतील तेवढ्या चकत्यांवर अंगठा उठवून द्यायचा. बहिणीच्या सासरी नाही कसं म्हणायचं? कोठीची खोली आढ्यापर्यंत भरली. गावोगावच्या फडताळांत हैबती जाऊन बसला. आणि जी चकती शेजाऱ्याकडेही आहे तिच्यासाठी कोण खिसा मोकळा करणार?

“मग आपण जरा कमीच ठसे घेऊ,” ओसरीवर नवरा म्हणाला.

“आपण नाही घेतले तर दुसरा चकतीवाला घेईल,” सासरे शांतपणे म्हणाले. “अंगठा आहे तोवर ठसे निघतच राहणार. अंगठाच थांबला पाहिजे.”

मग त्यांनी मुलाला समजावलं, की घाटापलीकडे एक मल्ल आहे. त्याच्याशी लढलेला माणूस आपल्या पायांनी घरी गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. दरबारात आपला शब्द चालतो, जत्रेला त्याची आणि हैबतीची जोड लावता येईल. यात आपण काही पाप करत नाही. कुस्ती ती कुस्ती.

नवऱ्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “त्याचा डावा खांदा निखळतो.”

ही गोष्ट नवऱ्याला साळूनेच सांगितली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवसांत, काय बोलावं ते सुचेना म्हणून, हसतहसत. लहानपणी हैबती झाडावरून पडला, तेव्हापासून हात डोक्यावर नेऊन मागे पिरगळला की खांदा जागचा हलतो, आई कोमट तेल लावून बसवते. आई आणि साळूखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून साळूला त्या घराची भीती वाटू लागली. कुणी तिच्यावर ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. पण सगळे गोड वागू लागले. सासूबाई तिच्या भातावर तुपाची धार जास्त धरू लागल्या. नवरा तिच्याकडे बघायचं टाळू लागला. एकदा भाजी निवडता निवडता सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, “भावाची काळजी करू नकोस हो.” साळूने काळजीचा शब्दही काढला नव्हता. तिने मान हलवली आणि मेथीच्या पानांबरोबर देठही टोपलीत टाकत राहिली.

माहेरी जाऊ द्या म्हणावं, तर सण नव्हता. निरोप धाडावा, तर या घरातून निघालेला प्रत्येक माणूस सासऱ्यांचा. जोड ठरल्याची दवंडी पिटली गेली. सगळं राज्य आनंदाने वेडं झालं.

जत्रेआधी हैबती ठसे द्यायला आला. तो आला की ओसरी लहान वाटायची. सासऱ्यांनी चकत्यांच्या चळती मांडल्या, या वेळी कधी नव्हे एवढ्या. सासूबाई एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. भावाबहिणीला एक शब्द एकांतात बोलता येईल एवढीही फट कुणी ठेवली नाही. मातीची वाटी आणण्याचं काम तेवढं साळूचं होतं.

स्वयंपाकघरात वाटी हातात घेऊन ती चुलीपुढे थांबली. आखाड्याच्या मातीत मल्ल हळद घालतात, ताक घालतात, तेल घालतात. राख कधी नाही. राख मिसळलेली माती एकाच मल्लाला लावतात, मेलेल्याला, आखाड्यातून शेवटचं उचलून नेताना. साळूने चुलीतली चिमूटभर राख वाटीत टाकली आणि बोटाने कालवली. कुणी पाहिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार तिने केला नाही. केला असता तर तिचे पाय हलले नसते.

हैबतीने वाटीत अंगठा बुडवला आणि तो थांबला. आयुष्य मातीत गेलेला माणूस तो. त्याने चिमूट बोटांत चोळली. वर पाहिलं. साळू समोर उभी होती, चेहरा कोरा, आणि डाव्या खांद्यावरचा पदर पुन्हा पुन्हा चाचपत होती.

“काय झालं पाहुणं, माती बरी नाही का?” सासऱ्यांनी विचारलं.

हैबतीने चिमूट पुन्हा वाटीत सोडली.

“झकास आहे,” हैबती म्हणाला. “बहिणीच्या हातची आहे.” आणि त्याने ठसे उठवायला सुरुवात केली.

जत्रेच्या दिवशी घाटापलीकडचा मल्ल आखाड्यात शड्डू ठोकत उभा राहिला आणि हैबती आलाच नाही. शोधाशोध झाली. नदीकाठी त्याचं मुंडासं सापडलं. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं बैरागी झाला. बायका रडल्या. पोरं जेवेनात.

साळूच्या सासरी मात्र पुरण शिजलं. मेला की नाहीसा झाला, याची सासऱ्यांना फिकीर नव्हती. अंगठा थांबला होता. “भाऊ गेला खरा, पण बहिणीच्या घराला देऊन गेला,” सासूबाई पदराने कोरडे डोळे पुसत म्हणाल्या आणि तिच्या पानात पोळी वाढली. साळूने ती खाल्ली. नाही खाल्ली तर का नाही, असं कुणी विचारलं असतं.

हैबतीच्या चकत्या एका रात्रीत दुर्मीळ झाल्या. लोक दारात येऊन गयावया करू लागले. सासरे विकेनात. अजून चढेल, म्हणत राहिले. उलट बाहेरच्या चकत्याही विकत घेऊ लागले, शेत विकून, सुनेच्या पाटल्या मोडून. तरी त्यांना त्या जास्तच वाटत. मग एक दिवस त्यांनी अंगणात जाळ केला आणि आपल्याच कोठीतल्या चकत्या ओंजळी भरभरून त्यात टाकल्या. लाख तडतडून पेटली. शेकडो हैबती वाकडे होत होत काळे पडले. साळू तुळशीआड उभी राहून बघत होती. हा माणूस उद्या आपल्याकडेही अशाच नजरेने बघेल, असं तिला वाटून गेलं.

पण लोक किती दिवस रडणार? पुढच्या जत्रेत एका धनगराच्या पोराने घाटापलीकडच्या मल्लाला चीतपट केलं, आणि लोकांच्या तोंडी नवं नाव बसलं. त्या वर्षी सणाला साळू माहेरी गेली, तेव्हा आईने भावाची खबर तिच्या कानात सांगितली. आणखी काही जत्रा गेल्या, आणि आता आलेल्या पोरांनी हैबतीला लढताना पाहिलेलंच नव्हतं. सासरे उरलेल्या मोजक्या चकत्या घेऊन बाजारात बसले. अख्ख्या राज्यात एवढ्याच आहेत, असं दिवसभर सांगत राहिले. लोक थांबत आणि नम्रपणे विचारत, कुणाच्या?

ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. शेत गेलं होतं, सोनं गेलं होतं, कोठीत राख होती. आता तेही भ्याले होते, आणि भ्यालेला माणूस कसा दिसतो हे साळूला चांगलं माहीत झालं होतं. त्यांनी सुनेला समोर बोलावलं. त्या घरात तिने आजवर ‘हो’ आणि ‘बरं’ यांपलीकडे फारसं काही म्हटलेलं नव्हतं.

“सूनबाई,” सासरे म्हणाले, “हैबती कुठे असला तर सांग. एकदाच आखाड्यात उतरू दे त्याला. लोकांना एकदा दिसू दे. त्याच्याशिवाय या चकत्यांत काही नाही गं.”

नवऱ्याने मान खाली घातली. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. साळूने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या घरात पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलली.

“तो आहे, मामंजी, सुखात आहे, आणि कुठे आहे ते मी सांगायची नाही. तुम्ही चकत्या कमी केल्यात, पण त्याच्यावर जीव टाकणारी माणसंच सरली. वस्तू जगात एकच उरली म्हणून मोलाची होत नाही, ती कुणाला तरी मनापासून हवी असावी लागते.”