राहायला एक, पळायला चार

एक होतं जंगल. जंगलाला राजा होता, आणि राजा असूनही राज्यघटना होती. ती एका म्हाताऱ्या जांभळीच्या सालीवर कोरलेली होती: ‘ज्याचं घरटं त्याचं.’ राजा येता-जाता तिला नमस्कार करायचा. त्या नादात वाचायचं तेवढं राहून जायचं.

त्या जंगलात झिपरी नावाची शेकरू पिल्लासोबत राहायची. शेकरू काही एका घरट्यावर थांबत नाही. झिपरीला आईने बजावून ठेवलं होतं, राहायला एक आणि पळायला चार. गरुडाने झडप घातली की पिल्लू तोंडात धरायचं आणि जवळच्या घरट्यात शिरायचं. या बचतीवर व्याज नव्हतं, पण झोप शांत लागायची.

मग गरुडच अर्थमंत्री झाला. पहिल्याच भाषणात त्याने पंख पसरले. “बंधुभगिनींनो, हजारो घरटी नुसती पडून आहेत. या आळशी बचतीला जंगलाच्या कामाला लावू या.” माकडांनी टाळ्यांचा कडकडाट केला, माकडांना घरटी नसतातच. संध्याकाळपर्यंत घरटे-ठेव योजना लागू झाली. एक ठेवा, बाकीची जमा करा. झिपरीच्या चार घरट्यांत गरुडाचे चार मेहुणे राहायला आले.

झिपरी न्यायालयात गेली. न्यायमूर्ती होते कासव. त्यांनी आपुलकीने विचारलं, “बाई, जास्तीचं घर लागतंच कशाला? मी जन्मभर एकातच आहे.”

“साहेब, तुमचं दगडासारखं आहे. माझं काटक्यांचं.”

हे न्यायमूर्तींना पटलं, त्यामुळे निकाल फारच लांबला. अखेर तो आला. मालकी ही तत्त्वाची बाब, वापर ही तपशिलाची. घरटी झिपरीचीच आहेत. तिने त्यांत शिरायचं नाही, इतकंच. राज्यघटनेला कुठेही धक्का लागलेला नाही.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांना भूक लागली. झिपरी पिल्लू तोंडात धरून पळत सुटली. पहिल्या घरट्यात मेहुणा, दुसऱ्यातही मेहुणा. ती न्यायालयाकडे वळली, तर न्यायमूर्तींनी डोकं आत ओढून घेतलेलं. पाठीवर टकटक केल्यावर आतून आवाज आला, “अर्जदाराने आपलं म्हणणं मांडावं.” तोंडात पिल्लू असल्यामुळे अर्जदाराला बोलता येईना. तेवढ्यात तिला समोर जांभूळ दिसली. कोरलेल्या अक्षरांच्या खालीच एक ढोली होती. झिपरी तिच्यात घुसली आणि गरुडाची चोच बाहेर सालीवर आपटली.

सकाळी मोठा समारंभ झाला. चोचीला पट्टी बांधलेल्या गरुडाने जांभळीला हार घातला आणि सांगितलं की आपली घटना शेवटच्या जिवाचंही रक्षण करते. दुपारी, घटनेच्याच सुरक्षेसाठी, ढोली सिमेंटने बुजवण्यात आली. साल मात्र घासूनपुसून चकचकीत केली.

आता दर वर्षी तिथे हार पडतात. झिपरी रांगेत सगळ्यांत पुढे असते. गर्दी पांगली की ती हारांचे दोरे ओढून नेते. उंच, पानांच्या आड, तिचं दुसरं घरटं होत आलं आहे. राज्यघटनेचा तेवढा उपयोग अजून होतो.