निर्दोषपुरातली खारट आमटी

फार पूर्वीची नाही, फार पुढे कधीतरी घडेल अशी ही गोष्ट. निर्दोषपूर नावाचं एक नगर होतं. तिथली माणसं कधीच चुकत नसत. घरोघरी यंत्रगडी असत. ते झाडलोट करत, भाजी चिरत, आणि घरच्या माणसाचा शब्द कधी खोटा पाडत नसत.

त्या नगरात एक नवी सून आली. तिच्या हातची आमटी पहिल्यांदाच पाहुण्यांच्या पानात पडणार होती. घाबरून तिनं मीठ दोनदा घातलं. शेजारी उभा असलेला गडी म्हणालाही, "वहिनी, मघाशी घातलंय हो मीठ."

"गप रे. मला शिकवू नकोस."

पहिल्याच घासाला पाहुण्यांची तोंडं वाकडी झाली. सासूबाईंनी विचारलं, "एवढं मीठ कोणी ओतलं गं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचे कान तापले आणि तोंडातून निघून गेलं, "गड्यानं."

"हो. माझंच चुकलं," गडी म्हणाला.

"तरीच!" पाहुणे म्हणाले. "आपल्यात कोण चुकणार?" आणि सगळ्यांनी निवांतपणे ताकभात मागितला.

बिघडलेला गडी भट्टीत वितळवायचा, असा नगराचा नियम. जेवणं उरकताच गडी आपणहून निघाला. दारात थांबून म्हणाला, "वहिनी, नवा गडी येईपर्यंत विळीपाशी जपा. तुमचं कापलेलं बोट अजून भरलं नाहीये."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरकटे हात तसेच ठेवून ती त्याच्यामागे धावली.

भट्टीपाशी गड्यांची रांग लागली होती. भट्टीवाल्यानं विचारलं, "याच्यात बिघाड काय?"

"काही नाही. मीठ मी घातलं, आणि खोटंही मीच बोलले."

भट्टीवाला गडबडला. "बाई, इथे फक्त यंत्रं घेतात. चुकलेलं माणूस कुठे न्यायचं, ते मला कोणी सांगितलेलंच नाही."

"घरी नेते," ती खाली मान घालून म्हणाली आणि गड्याला घेऊन परतली.

पाहुणे अजून विडे चघळत बसले होते. सगळ्यांदेखत तिनं सांगून टाकलं आणि गड्याकडे वळली. "माझं चुकलं रे. मला माफ कर."

गडी घुटमळला. हे वाक्य त्याला बोलायला शिकवलेलं होतं, ऐकायला नाही.

"शोभतं का हे?" म्हणत पाहुणे भराभर उठून गेले. सासूबाई मात्र पदराशी चाळा करत बसून राहिल्या.

"मी नवी होते तेव्हा दूध करपवलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "नाव गड्याचं घेतलं."

"मग चला ना आई, घेऊन येऊ त्याला."

"कुठून आणणार? त्याच्या पळ्या झाल्या. एक आपल्याच घरात आहे. रोज तिनंच वाढते मी."

त्या संध्याकाळी भट्टीपाशी बरीच माणसं दिसली. त्यात मघाचे पाहुणेही होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. काहींना आपापले गडी मिळाले. बाकीचे रिकाम्या हातांनी परतले.

तात्पर्य एवढंच: आपली चूक दुसऱ्यावर ढकलून माणूस स्वच्छ दिसतो, होत नाही. आणि कबुलीला फार उशीर केला, तर माफी मागायची तरी कोणाकडे?