न डोललेली मान

एका राज्यात डोंगर होता, डोंगरात गुहा होती आणि गुहेत अजगर होता. रोज दिवस कलला की अजगर जागा होई, डोकं बाहेर काढी आणि खालच्या नगराकडे पाही. त्याची नजर पडली की गाईंचं दूध आटे आणि पाळण्यातली मुलं रडायची थांबत. मग आचार्य रत्नकंठ गुहेच्या तोंडाशी बैठक मांडत. त्यांच्या मागे चार तंबोरे झंकारू लागत आणि आचार्य गात. गाणं संपेपर्यंत अजगर डोकं टेकून निजलेला असे.

तसं गाणं पृथ्वीवर दुसरं नव्हतं. पुढे काय झालं ते ठाऊक असूनही मी हे म्हणतो आहे, म्हणजे ते खरंच तसं होतं असं समजा.

म्हातारी माणसं सांगत, आमच्या लहानपणी हा अजगर मनगटाएवढा होता, काठीने मेला असता. आता त्याचं डोकं देवळाच्या दारात मावलं नसतं. रोज निजवलेला प्राणी इतका माजतो कशावर, हे विचारायला त्या राज्यातल्या शहाण्यांना काही सवड झाली नाही.

थोरांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावावा, ही गाणाऱ्यांची जुनी रीत. या राज्यात ती वाढत वाढत भलतीकडे गेली होती. आचार्य गाऊ लागण्याआधी नुसते तंबोरे वाजत असताना सगळ्या प्रजेने दोन्ही कान गच्च झाकून मान खाली घालायची आणि गाणं सुरू झालं की हात काढायचे. त्याला तिथे भक्ती म्हणत.

आचार्यांना अधूनमधून तंबोऱ्यावर नवी मुलगी लागे. जुनी कुठे गेली असं विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, ‘साधनेत गेली.’ साधनेतून परत आलेली मुलगी कोणी पाहिली नव्हती. आयांनी मात्र त्या उत्तरावर समाधान मानावं अशी अपेक्षा होती, आणि आयांनी तसं दाखवलंही.

त्याच नगरात चंपावती नावाची तरुणी होती. आईबाप नव्हते, धाकटी बहीण शेवंती हेच तिचं घरदार. चंपावती लहानपणी आचार्यांपाशीच शिकली होती. त्यांनी बांधलेला काळा गंडा, म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला बांधायचा दोरा, अजून तिच्या हातात होता. शेवंतीचा गळा चांगला निघाला तेव्हा चंपावतीनेच तिला नवं परकर-पोलकं घालून, हाताला धरून आचार्यांच्या दारी नेलं. वर्ष सरलं आणि शेवंती साधनेत गेली.

एके संध्याकाळी तंबोरे वाजत होते, प्रजा कान झाकून उभी होती. इतक्यात एक टिटवी चंपावतीच्या डोक्यावरून किंचाळत गेली. ती दचकली, तिचा एक हात कानावरून निसटला, आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यातून आवाज आला, “ताई, दार उघड गं.”

मग गाणं सुरू झालं. आजूबाजूला माना डोलू लागल्या. चंपावती मात्र तंबोऱ्यांकडेच पाहत राहिली, कारण आता गाण्याच्या खालूनही तिला तोच आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ती राजा धीरसेनापुढे उभी राहिली.

“महाराज, माझी बहीण आचार्यांच्या भोपळ्यात कोंडलेली आहे.”

राजाने मुकुट सारखा केला. “मुली, गाणं वेगळं आणि माणूस वेगळा. माणसात दोष असतील. गाण्यावर राज्य उभं आहे.”

“मग ते वेगळे करता येतील, महाराज?”

दरबार हसला. राजा हसला नाही. “करून आण. माणसाला शिक्षा करीन, गाणं राखीन. नाही जमलं तर तोंडाला कुलूप घाल.”

राजवाड्याच्या कमानीवर तीच टिटवी बसली होती. ती म्हणाली, “कोरड्या विहिरीत कपिला चेटकीण राहते. चल, मी वाट दाखवते.” टिटवी बोलली याचं चंपावतीला नवल वाटलं नाही. नगरातली माणसं बोलत नव्हती, त्याचंच तिला अधिक नवल वाटत होतं.

विहिरीच्या तळाशी कपिला राख चाळत बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, “गाणं माणसाला तीन गाठींनी बांधलेलं असतं, पोरी. पहिली भयाची. मुक्या डोहातून शंख आण. डोहात तोंडातून शब्द काढलास तर तळाशी राहशील. दुसरी उपकाराची. हातातला तो गंडा तोड. तिसरी गाठ शेवटी सांगेन, आत्ता सांगितली तर घाबरशील.”

मुक्या डोहाला तरंग नव्हते आणि काठावर बेडूकही ओरडत नव्हते. चंपावती आत उतरली. पाणी डोक्यावर गेलं तेव्हा समोर शेवंती दिसली, त्याच नव्या परकर-पोलक्यात. तिचे ओठ हलत होते, ‘ताई, मला का नेलंस?’ चंपावतीच्या गळ्यात उत्तर आलं. ते बाहेर पडतं तर पाणी आत शिरतं. तिने जीभ चावली, तोंड रक्ताने भरलं, आणि त्या खोट्या शेवंतीच्या पायाशी पडलेला पांढरा शंख उचलून ती वर आली.

गंडा तोडणं तिला सोपं वाटलं होतं. सुरीची धार गेली, दोरा तसाच. निखाऱ्यावर धरला तर निखारा विझला. दात लावले तर दात हलला.

टिटवी म्हणाली, “त्याने तुला काय दिलं?”

“काही नाही,” चंपावती रागाने म्हणाली. दोरा मनगटात रुतला आणि हात काळानिळा पडला.

“खोटं बोललीस. काय दिलं?”

चंपावती रडू लागली. “सूर दिला. मी तापाने फणफणले होते तेव्हा उशाशी बसून पहाटेपर्यंत गायले ते. आईनंतर तेवढ्या मायेने माझ्यापाशी कोणी बसलं नव्हतं. तेही खरं आहे.”

“आणि काय नेलं?”

“माझी शेवंती. आणि तिला तिथे मी नेलं.”

दोरा आपोआप सुटून धुळीत पडला.

कपिलाने शंख हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. “तिसरी गाठ कौतुकाची. ती सगळ्यांत चिवट. आज संध्याकाळी त्याच्यासमोर बस. कान झाकू नकोस. गाणं समेवर येतं, ऐकणाऱ्याची मान आपसूक डोलते. तुझी डोलू नये. सगळं ऐकून न डोललेली एक मान पुरे, गाणं सुटेल आणि शंखात जाईल. डोललीस तर पाचवा भोपळा तुझा.”

“आणि भोपळे कसे फुटतात, माय?”

“ज्यांनी कान झाकले त्यांनी नावं घेतली तर.” कपिला पुन्हा राख चाळू लागली. “ते माझ्या विद्येत बसत नाही. तिथे तुझं नशीब.”

दिवस कलला. प्रजा डोंगरावर जमली, राजाही आपल्या पायऱ्यांच्या आसनावर येऊन बसला. अजगराचं डोकं गुहेबाहेर आलं, आणि एका आईने मूल पदराखाली घेतलं. तंबोरे वाजू लागले, हजारो हात कानांवर गेले. पुढच्या रांगेत चंपावती शंख मांडीवर घेऊन, कान उघडे ठेवून बसली होती.

“कान झाक, मुली,” आचार्य हळूच म्हणाले.

“झाकणार नाही, आचार्य.”

त्यांनी तिच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. चेहरा उतरला, पण अजगर सरकत होता, थांबायची सोय नव्हती. ते गाऊ लागले.

काय गायले म्हणून सांगू! पहिल्या समेला डोंगरावरच्या सगळ्या माना एकदम डोलल्या. चंपावतीने दातावर दात रोवले. भोपळ्यातून शेवंती हाका मारत होती, त्या हाका सुरात होत्या, आणि त्यांच्यामुळे गाणं अधिकच गोड लागत होतं. हे कळलं तेव्हा तिला स्वतःच्या कानांची किळस आली. आचार्यांनी तिच्यावर डोळे रोखले आणि चीज बदलली. तापात उशाशी गायलेली तीच चीज त्यांनी काढली. गाणं एकेक पायरी उतरत समेकडे येऊ लागलं. चंपावतीची मान भरून आली, मानेमागची शीर उडू लागली, हनुवटी खाली जाऊ पाहत होती. तिला ते गाणं आवडत होतं. प्राण गेला तरी आवडलंच असतं. सम आली. हजारो माना डोलल्या. तिची डोलली नाही.

आचार्यांचं तोंड उघडंच राहिलं. ओठ हलत होते, हात हवेत नक्षी काढत होता, आवाज मात्र नव्हता. शंख मांडीवर गरम झाला.

“वेगळे झाले!” राजा ओरडला. “धरा त्या माणसाला! प्रधानजी, शंख फुंका!”

प्रधानाने शंख फुंकला. तेच गाणं, तसूभरही कमी नाही. लोक आनंदाने रडू लागले, एकमेकांच्या गळ्यात पडले.

आणि अजगर पुढे आला.

गाणं चाललं होतं आणि अजगर येत होता. त्याच्या पोटाखाली दगडांचा चुरा होत होता. राजाच्या पायरीशी येऊन तो थांबला आणि माणसासारखा बोलला.

“माझा वाटा कुठे आहे?”

“हे गाणं...” राजाने शंखाकडे बोट दाखवलं.

“गाण्याने मी कधीच निजलो नाही. गाण्याने तुम्ही निजत होता. मला भोपळ्यातले श्वास मिळत होते. हा गायचा आणि भोपळ्याचं तोंड माझ्याकडे करायचा. आज त्याचा हात थांबला आहे. आणा.”

मग प्रधान खालच्या आवाजात म्हणाला, “महाराज, चार मुली. आणि समोर सगळं नगर.” ते ऐकून पुष्कळांना बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. हात पुन्हा हळूहळू कानांकडे जाऊ लागले.

“शेवंती!” चंपावती किंचाळली. “माझी बहीण शेवंती!”

एका भोपळ्याला बारीक चीर गेली. बस, तेवढीच. चंपावती प्रजेकडे वळली. “अहो, नावं घ्या! मी एकटी पुरत नाही. तुमच्याच पोरी आहेत ना?”

लोक जमिनीकडे पाहत होते. अजगराने तोंड उघडलं.

तेव्हा गर्दीतून भागाई नावाची तेलीण म्हातारी पुढे आली. तिची मुलगी फार वर्षांपूर्वी साधनेत गेली होती. म्हातारीने कानांवरचे हात काढले. इतक्या वर्षांत ते हात तिथेच वाकडे झाले होते.

“सोनकी,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “माझी सोनकी! मला ऐकू येत होतं गं. पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं.”

अजगराच्या कुशीतून वाऱ्याची झुळूक सुटली, म्हातारीच्या गालाला लागली आणि निघून गेली. सोनकी तेवढीच उरली होती. अजगर हातभर आखडला.

मग एका बापाने हाक मारली. मग एका भावाने. मग सगळा डोंगर नावं घेऊ लागला, घसे फाटेपर्यंत, आणि ज्यांच्या घरची मुलगी गेली नव्हती तेही शेजाऱ्याच्या मुलीला हाका मारू लागले. प्रत्येक नावासरशी अजगरातून एक श्वास सुटे आणि तो आखडे. भोपळे तडातडा फुटले. मुली बाहेर आल्या, पांढऱ्याफटक, उजेडाला डोळे मिचकावत. शेवंती चंपावतीच्या अंगावर कोसळली. अजगराच्या जागी मनगटाएवढी कात उरली होती. ती राजाच्या पायाशी वाऱ्याने हलत होती.

राजाने मुकुट काढून पायरीवर ठेवला. “मलाही ऐकू येत होतं,” तो म्हणाला. पुढे त्याने राज्य केलं ते उघड्या डोक्याने, आणि कान झाकण्याची रीत त्याच दिवशी मोडली. आचार्यांना राज्याबाहेर घालवलं. वेशीपर्यंत ते एकेकाला हातवारे करून विचारत होते, ‘गाणं कसं झालं?’ कोणी मान डोलावली नाही.

गाई दूध देऊ लागल्या, मुलं पोटभर रडू लागली. राहिला शंख. काहींनी म्हटलं फोडा, काहींनी म्हटलं देवळात ठेवा. राजाने शेवंतीला विचारलं. कितीतरी दिवसांनी तिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

“फोडू नका. त्यात आमचे श्वास आहेत. ज्याला ऐकायचं त्याने आधी आमची नावं मोठ्याने घ्यावीत. सगळी. मग ऐकावं वाटलं तर ऐकावं.”

तसा शंख चौकात ठेवला. लोक येत, नावं घेत. काही ऐकत आणि डोळे पुसत. काहींना नावं घेतल्यावर ऐकवत नसे. चंपावती कधी ऐके, कधी अर्ध्यातून उठून जाई, आणि शेवंती तिला कधीच त्याबद्दल बोलली नाही.

भागाई मात्र रोज दिवस कलला की चौकात येई. शंखापुढे उभी राहून एकच नाव घेई, “सोनकी.” आणि गाणं न ऐकता घरी जाई.